नजीर सय्यदनं जाळलेला ट्रान्झिस्टर

माझी शेवटची पोस्टिंग छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत झाली. माझं गाव पाचोड, घर शहरातल्या गारखेड्यात. चोवीस वर्षं मी घरापासून लांब होतो आणि आता सायकलवर ड्युटीला जात होतो. फौजेच्या सिग्नल शाखेत हवालदार, ट्रेड रेडिओ मेकॅनिक. युद्धात मी गोळी चालवली नाही. सेट चालू ठेवणं हे माझं काम.

पावसाळ्यात आमच्यातून एक फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पुरातल्या बचावाची तुकडी, तयार ठेवलेला असायचा. सिव्हिल प्रशासनानं मागणी केली की दोन तासांत निघायचं. रबरी बोटी, दोर, लाइफ जॅकेट, औषधं आणि चार रेडिओ सेट. सेटची जबाबदारी माझी. म्हणून रोज सकाळी सात वाजता मी ऑपरेटर लोकांचा अर्ध्या तासाचा क्लास घ्यायचो. विषय तेच ते. बॅटरी, केबल, अँटेना, बोलण्याची पद्धत.

त्या क्लासमध्ये लान्स नाईक नजीर सय्यद होता. सोयगावचा. वय सव्वीस, लग्न ठरलेलं. वडील शिवणकाम करायचे. मुलगा हाताचा तसाच स्वच्छ, सोल्डरिंग एकदम नीट. एक खोड होती, प्रश्न विचारायचा. फौजेत फार प्रश्न विचारणारा उस्तादला आवडत नाही. मला तो आवडायचा, पण तसं मी कधी दाखवलं नाही.

एका सकाळी मी एक निकामी सेट उघडून टेबलावर ठेवला आणि त्यातला नखाएवढा काळा तुकडा चिमट्यानं दाखवला. म्हणालो, "हा शेवटचा ट्रान्झिस्टर. सेटमधला सगळा आवाज याच्यातून बाहेर पडतो. हा गेला की सेट मुका."

नजीर उठला. "उस्ताद, एक इचारू का? आमच्या घरी दादाजानचा रेडिओ हाय. त्यालाच सगळे ट्रान्झिस्टर म्हणतेत. मग ह्यो कोण?"

बाकीचे हसले. प्रश्न मात्र बरोबर होता. मी त्याला बसवलं नाही.

"चारीवर पाणी धरलंय का कधी?"

"धरलं ना. मामाच्या शेतात."

"लोखंडी दार उचलायला किती माणसं लागतात?"

"एक. मीच उचलायचो."

"आणि पाणी किती यायचं?"

"लई. अख्खा पाट भरून."

"ट्रान्झिस्टरचं काम तेच. याला तीन टोकं. एका टोकातून वीज येते, दुसऱ्यातून जाते. तिसरं टोक म्हणजे दार. तिथं अगदी थोडी वीज दिली की मोठी वीज वाहायला लागते. थोडी कमी केली की कमी, काढली की बंद. तू माइकमध्ये बोलतोस, त्या आवाजाची वीज एवढीशी. ती दार हलवते. बॅटरीतली मोठी वीज तिच्यामागं तशीच हलते. म्हणून तुझा आवाज चार-पाच किलोमीटर जातो."

"आन् नाव? नाव कुठलं हे?"

नावाची गोष्ट मला जबलपूरला ट्रेनिंगमध्ये एका बंगाली सुभेदार साहेबांनी सांगितली होती. तीच मी पुढं सांगितली. दुसरं महायुद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत हा तुकडा बनला. तोवर हेच काम काचेचे वाल्व्ह करायचे. ते मोठे, तापणारे, फुटणारे. नव्या वस्तूला नाव काय द्यायचं यासाठी तिथल्या लोकांत नावांची यादी फिरवली आणि मतं घेतली. ट्रान्झिस्टर जिंकलं. दोन शब्द जोडून केलेलं नाव. ट्रान्सफर आणि रेझिस्टर. रेझिस्टर म्हणजे विजेला अडथळा करणारा भाग. या तुकड्यात वीज कमी अडथळ्याच्या बाजूनं आत शिरायची आणि जास्त अडथळ्याच्या बाजूनं बाहेर पडायची. म्हणजे अडथळ्याची बदली. आणि या बदलीत सिग्नलची ताकद वाढते.

"ट्रान्सफर झाली की ताकद वाढते?" नजीरनं विचारलं.

"याची वाढते."

"आपली तर ट्रंक उचलून कंबर जाते, उस्ताद."

या वेळी मीही हसलो. मग सांगितलं की हा तुकडा लहान म्हणून रेडिओ लहान झाला, खांद्याला अडकवून शेतात नेता यायला लागला. लोक त्याला ट्रान्झिस्टर रेडिओ म्हणायचे. बोलता बोलता रेडिओ शब्द गळला, ट्रान्झिस्टर राहिला. "तुझे दादाजान चुकीचं बोलत नव्हते," मी म्हणालो.

त्यानंतर जे शिकवायला मी तो सेट उघडला होता ते शिकवलं. अँटेना नसेल तर प्रेसल दाबायचं नाही. प्रेसल म्हणजे बोलताना दाबून धरायचं बटण. अँटेना नसली की ताकदीला बाहेर जायला वाट राहत नाही. ती उलटी फिरते आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरवर येते. हाय पॉवरवर असाल तर तो मिनिटा-दोन मिनिटांत भाजून जातो. प्रत्येकाकडून मी ते तीनदा म्हणवून घेतलं. नजीरकडूनही.

कॉलमला ऑर्डर आली तेव्हा सकाळचे सहा दहा झाले होते. वरच्या भागात पाऊस थांबत नव्हता, धरणातून पाणी सोडलं होतं आणि पैठण तालुक्यात गोदाकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. सव्वादहाला आम्ही एका गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथंच राहतात. झेडपी शाळेच्या गच्चीवर मी बेस लावला. ताडपत्री, अँटेनाचा उंच खांब, मोठा सेट. कॉलम कमांडर कॅप्टन मेनन माझ्या शेजारी नकाशा घेऊन बसले. सरपंचांनी बोट दाखवून सांगितलं, "तिकडं मळ्यात नऊ माणसं हायेत. पक्क्या घराच्या स्लॅबवर चढलेत. फोन लागत नाय आता."

हवाई अंतर दीड किलोमीटरसुद्धा नव्हतं. पण मधे झाडं, ऊस आणि पाऊस. गच्चीवरून मळा दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त तांबडं पाणी, आणि ते शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर बाहेरून ओल्या रेषेच्या वर चढत होतं. मी दर दहा मिनिटांनी त्या रेषेकडं बघत होतो. बघू नये असं ठरवूनही बघत होतो.

दहा पन्नासला बोट वन निघाली. बोट कमांडर नाईक बलविंदर, इंजिनवर इंजिनिअर्सचा एक जवान, सेटवर नजीर. पंधरा मिनिटांनी बोट टू. तिच्यात पाच जण. निघताना मी नजीरच्या सेटची अँटेना हातानं आवळली. तो म्हणाला, "उस्ताद, आवळली हाय मी." मी पुन्हा आवळली.

अकरा बावीसला सेटवर खरखर आली. तिच्यात नजीरचा आवाज. लांबून, तुटका.

"बोट टू, बोट टू. बोट वन फॉर बोट टू. रुक जाओ. आगे तार है. ओव्हर."

उत्तर नाही.

"बोट टू, तार है, गले तक. मोड के बाद. रुक जाओ. ओव्हर."

उत्तर नाही. मी मोठ्या सेटवरून तोच मेसेज रिले केला. बोट टू गप्प. त्यांच्या इंजिनच्या आवाजात ऑपरेटरला ऐकू येत नसणार.

पुन्हा नजीर. आवाज आणखी बारीक झाला होता. जवळ असूनही सेट असा लांबचा का वाटतोय, ते मला त्या क्षणी कळलं. त्याची अँटेना गेली होती. आणि त्यानं प्रेसल सोडलं नव्हतं.

"बोट टू... तार... रुक..."

"नजीर, बंद कर," मी गच्चीवर मोठ्यानं बोललो. सेटमध्ये नाही, नुसताच. तो बोलत होता तोवर त्याला ऐकू येणारच नव्हतं.

अकरा चोवीस. "बोट टू फॉर बोट वन. रॉजर. रुक गए. तार दिख गया. ओव्हर."

नजीरकडून काही आलं नाही.

नंतर कळलं ते असं. खांब कलून विजेची तार ओढ्याच्या तोंडाशी पाण्यावर आडवी लोंबत होती. पावसात ती दिसत नव्हती. बोट वनच्या लोकांना अगदी जवळ आल्यावर दिसली, तिघं आडवे झाले, तार वरून गेली आणि नजीरच्या पाठीवरच्या सेटची अँटेना मुळापासून घेऊन गेली. मागची बोट भरधाव येत होती आणि तिच्यातले पाचही जण ताठ बसलेले होते. वळणामुळं हात दाखवून उपयोग नव्हता. नजीरनं सेट हाय पॉवरवर टाकला आणि प्रेसल दाबलं.

"सेट डेड?" कॅप्टन साहेबांनी विचारलं.

"सर, बोलायचं बंद झालंय. ऐकत असेल."

"कैसे पता?"

मला खात्री नव्हती. पण एक गोष्ट माहीत होती. शेवटचा ट्रान्झिस्टर जळला तरी त्याच्या आधीचा छोटा बऱ्याचदा शाबूत राहतो. त्याची ताकद अगदी थोडी. शब्द पोचणार नाहीत. पण माझा सेट सतत खरखरत ठेवला तर, त्यानं तिकडं प्रेसल दाबल्यावर ती खरखर क्षणभर दबायला पाहिजे.

सेटमधली खरखर दाबून ठेवणारा स्क्वेल्च मी काढला. गच्चीवर नुसती खरखर. माइक धरला.

"बेस फॉर बोट वन. नजीर, सुन रहा है तो एक बार दबा. ओव्हर."

पाच सेकंद. दहा. मग खरखर एकदा दबली आणि पुन्हा सुरू झाली.

कॅप्टन साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "फिर से."

"एक बार हाँ. दो बार ना. समझा?"

एकदा.

"बोट ठीक है?"

दोनदा.

"इंजिन खराब?"

एकदा. पुढं मी विचारत गेलो आणि साहेब लिहीत गेले. लोकांपर्यंत पोचलात? हो. सगळे स्लॅबवर? नाही. बोट धरून ठेवलीय? हो. पाणी चढतंय? हो. बोट टूला उसाच्या बाजूनं येता येईल? थोडा वेळ गेला, मग एकदा. नजीरची टिक, म्हणजे बटण दाबून सोडणं, ओळखू यायची. छोटी, मोजलेली. क्लासमध्ये शिकवल्यासारखी.

बोट टूला तार टाळून उसाच्या बाजूनं फिरून यायला सांगितलं. अंतर जास्त, प्रवाह आडवा. त्यांनी वीस मिनिटं सांगितली. मी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

अकरा सदतीसला मी विचारलं, "कोई घायल है?"

खरखर दबली आणि बराच वेळ दबलेलीच राहिली. मग सुटली. मग पुन्हा दबली. हे हो नव्हतं, नाही नव्हतं.

"नजीर, रिपीट. कोई घायल है?"

एक लांब. एक अर्धवट.

 वीस वर्षं मी ऑपरेटर लोकांचे बटण दाबणारे हात ऐकले आहेत. हा हात वेगळा होता.

"नजीर, तू ही है ना?"

 खाली शाळेच्या अंगणात कुणीतरी बादली आपटली, ते ऐकू आलं.

मग खरखर दबली. सुटली. पुन्हा दबली. दोनदा.

कॅप्टन साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.  मग मला सुचलं की समोरच्याला हिंदी नीट कळत नसेल. मी मराठीत बोललो.

"मी शाळेवरून हवालदार बोलतोय. घाबरू नका. हो असलं तर बटण एकदा दाबून लगेच सोडा. नाय असलं तर दोनदा. कळलं का?"

एकदा. लगेच.

"तुम्ही गावातले आहात?"

एकदा.

"बाई आहात?"

एकदा.

"ताई, फौजी तिथं आहेत?"

एकदा.

"तिघंही?"

दोनदा.

पुढचा प्रश्न तोंडात आला होता. मी तो विचारला नाही. त्याच्या उत्तरानं बोट टू एक मिनिटही लवकर पोचणार नव्हती, आणि त्या बाईला अजून बराच वेळ सेट सांभाळायचा होता. मी विचारलं ते एवढंच. पाणी स्लॅबला लागलं? नाही. दोर धरून ठेवलाय? हो. पोरं वर आहेत? हो. इंजिनचा आवाज येतोय का?

दोनदा.

दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं. दोनदा.

मधल्या वेळेत मी काहीबाही बोलत राहिलो. माझं गाव पाचोड, तुमचं माहेर कुठलं, जवळच असंल, बोट निघालीय, हे बघा आता येईल. मला वाटत होतं की मी गप्प बसलो तर ती खरखर कायमची तशीच राहील.

अकरा छप्पन. "ताई, इंजिन ऐकू येतं का?"

एकदा. मग पुन्हा एकदा. मग किती वेळा ते मोजता आलं नाही. ती बटण दाबतच राहिली.

बारा अठ्ठेचाळीसपर्यंत नऊ माणसं आणि दोन फौजी शाळेपाशी आले. सेट त्या बाईच्या गळ्यात होता. अंगणवाडीत काम करायची, नाव संगीता. तिनं तो काढून माझ्या हातात दिला आणि उभ्या उभ्या सांगितलं.

"आमचे बाबा गोठ्याच्या पत्र्यावर राहिले व्हते. बोटीचं इंजिन ठिबकच्या नळ्यांत गुतलं. दोघं बोट धरून व्हते, सोडली असती तर सगळेच गेले असते. तेवढ्यात पत्रा हालला. त्या भाऊनं हे माझ्या गळ्यात घातलं. म्हनला, ताई, एकदा व्हय, दोनदा नाय, उस्ताद इचारतील ते सांगा. आन् दोर बांधून उतरला."

"मग?"

"बाबांपशी पोचला. सोताचं ते जाकीट काढून बाबांना घातलं. दोर बी त्यांनाच बांधला. आम्ही बाबांना वढून घेतलं. दोर परत फेकला. तवर पत्रा गेला."

ते बाबा, म्हणजे तिचे सासरे, पायरीवर बसले होते. अंगात नजीरचं लाइफ जॅकेट. ते काढून घ्यायला कुणी पुढं झालं नाही.

बोट टू त्या दिवशी आणखी चार वेळा गेली. मी संध्याकाळपर्यंत दर पंधरा मिनिटांनी सेटवर त्याचं नाव घेत होतो. त्याच्याजवळ सेट नव्हता हे मला माहीत होतं. सेट माझ्यासमोर पडला होता. तरी घेत होतो. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता तो खाली दोन किलोमीटरवर बाभळीत सापडला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला सेट उघडायला लावला. शेवटचा ट्रान्झिस्टर काळा पडला होता, खालचं बोर्ड करपलं होतं. बाकी सगळे ठीक. प्रिसायडिंग ऑफिसरनी विचारलं, "अँटेना नसताना ट्रान्समिट करू नये ही सूचना ऑपरेटरला माहीत होती?"

"होय सर. मीच दिली होती."

"त्यानं ती मोडली?"

 रात्ररात्र मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. चुकून झालं म्हणालो असतो तर तो अडाणी ठरला असता. नुसतं हो म्हणालो तर बेशिस्त.

"होय सर. जाणूनबुजून. त्यामुळंच बोट टू थांबली."

त्यांनी दोन्ही वाक्यं लिहून घेतली. मला वाचून दाखवली. मी सही केली.

माझी निवृत्ती झाली त्या महिन्यात बोट टूचे पाचही जण रजा काढून आले. एक गढवालचा, एक बिहारचा, दोन तामिळनाडूचे, एक साताऱ्याचा. आम्ही जीप करून सोयगावला गेलो. नजीरचे वडील मशीनवर बसले होते. त्यांनी मशीन थांबवली, खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला. मला ओळखत होते, त्या पाचांना नाही.

मी म्हणालो, "चाचा, मागच्या बोटीतली हीच पोरं."

ते उठले. एकेकासमोर जाऊन उभे राहिले. प्रत्येकाला त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. तामिळ पोरांना हिंदी कमी येत होती, तर त्यांच्या उत्तरासाठी थांबले. घाई केली नाही. पाचवा झाल्यावर आत वळून म्हणाले, "सहा ताटं वाढा."

जेवणं सुरू झाली. चाचा स्वतः वाढत होते. गढवालच्या पोरानं नको म्हणून हात आडवा धरला, तेव्हा त्यांनी तो हात हळूच बाजूला केला आणि भाकरी ताटात ठेवली.